दौंडच्या चर्चची गुलछडी

कासुर्डीला आमचं फुलांचं रान आहे. शेवंती, झेंडू टेम्पोनं पुण्याच्या मार्केटला जातात. गुलछडीच्या दोन जुड्या मात्र दर शनिवारी सासूबाई स्वतः रेल्वेनं दौंडला न्यायच्या, तिथल्या छोट्या चर्चसाठी. चर्चची झाडलोट करणाऱ्या मावशी त्यांना कधीतरी गाडीतच भेटल्या होत्या. फलाटावर जुड्या द्यायच्या, घटकाभर बोलायचं आणि परतीची गाडी धरायची. इतक्या वर्षांत सासूबाईंनी चर्च बाहेरूनही पाहिलं नव्हतं.

एकदा मधल्याच वारी सकाळी मावशींच्या मुलीचा फोन आला. मावशींचे मालक गेले होते, दुपारी माती होती.

सासूबाई रानात गेल्या आणि होती तेवढी गुलछडी काढली. मीही त्यांच्याबरोबर दौंडला निघाले. वाटेत मला म्हणाल्या, "आपल्याला आत घेत्यात का गं?"

"न घ्यायला काय झालं?" मी म्हणाले, पण मलाही नक्की ठाऊक नव्हतं.

चर्चच्या दारात त्यांनी चपला काढल्या, म्हणून मीही काढल्या. आत बघितलं तर सगळ्यांच्या पायात चपला-बूट. आम्ही फुलं एका बाईंच्या हाती दिली आणि सगळ्यात मागच्या बाकावर अंग चोरून बसलो.

मावशी पुढं बसल्या होत्या. त्यांनी मागं वळून पाहिलं आणि उठून थेट आमच्याकडं आल्या. सासूबाईंचा हात धरून म्हणाल्या, "इथं कुठं बसलाय? माझ्याजवळ चला."

"आवो, मला तुमचं काय येत न्हाई."

"मी उठले की उठा."

सासूबाई त्यांच्या शेजारी बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. प्रार्थना चालू असताना मावशींना रडू फुटलं, तेव्हा सासूबाईंनी आपला पदर पुढं केला. पुढं दफनभूमीतही त्या मावशींना धरूनच उभ्या होत्या. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली, तशी त्यांनीही टाकली.

घरी आल्यावर त्यांनी डोक्यावरून अंघोळ केली. शेजारणीनं विचारलं, "कोण गेलं वो?"

"माझ्या मैतरणीचा नवरा," सासूबाई म्हणाल्या. 'मैतरीण' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

शनिवारी फुलांबरोबर त्यांनी भाकरी-पिठलंही बांधून घेतलं. मावशी फलाटावर आल्या होत्या. त्यांना जेवण जात नव्हतं. सासूबाईंनी भाकरी मोडून हातात दिली आणि त्यांचं खाऊन होईपर्यंत परतीची एक गाडी सोडून दिली.