मासिनाचे दोन रविवार

मासिना म्हणजे गावाच्या चर्चमधला गायकवृंद, आणि गायकवृंद म्हणजे मासिना. बावीस वर्षं ती हात हलवी आणि चाळीस माणसं गात. बाकी आठवडाभर ती घरी बसून समुद्रापलीकडच्या पागो पागोतल्या एका दवाखान्याचा सर्व्हर सांभाळी. तो सर्व्हर तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तो बंद पडला तरी त्याच्या पोटातली एक चिप जागी असते, तिच्याशी फोनवरून बोललं की काम झालं. नवऱ्याला हे कधी पटलं नाही. "न बघितलेल्याला इथून गुपचूप उठवतेस, आणि मला उठवायला तेवढी बोंब मारतेस," म्हणायचा.

रविवारी गावात काम बंद म्हणजे बंद! नुसतं अंगण झाडलं तरी सोमवारी पंचायतीसमोर उभं राहावं लागतं. आणि त्या रविवारी, ऐन प्रवचनात, मासिनाच्या मांडीवरचा फोन थरथरला. दवाखान्यातल्या लागी नर्सचा निरोप होता. "ताई, सर्व्हर उठत नाहीये. कुणाला कुठलं औषध द्यायचं, सगळं त्यातच आहे. लवकर बघा ना!"

लागीचं तरी काय चुकलं? पागो पागोत शनिवार होता. विमानानं अर्ध्या तासावरचं गाव, घड्याळात तेच दहा वाजलेले, वार मात्र एक दिवस मागे. समुद्रात अशी वार बदलणारी रेघ ओढणाऱ्याला काय म्हणावं!

मासिनानं फोन गाण्यांच्या पुस्तकात सारला. सर्व्हरची पहिली डिस्क मेली होती, दुसरीवर सगळ्याची नक्कल होती. कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते ठरवणारं पान तिनं उघडलं, 'दुसरी' निवडली आणि बटण दाबलं. घाईत खालची खूण तशीच राहिली, 'फक्त पुढच्या वेळेपुरतं'. सर्व्हर उठला. पण मागच्या बाकावर गावाचा मुखिया तुआला बसला होता, आणि त्याच्या नजरेतून माशीसुद्धा सुटत नसे.

सोमवारी सकाळी पंचायत बसली. गुन्हा ठरला तर गायकवृंद मासिनाच्या हातून जाणार, हे तुआलानं आधीच सांगून टाकलं.

"बोट कुणाचं हललं?" तुआलानं विचारलं.

"माझं. पण यंत्र पागो पागोत उठलं, आणि तिथं शनिवार होता."

"बोट तर इथंच होतं ना, बाई!"

"बोटानं काय केलं? काचेला शिवलं. काम यंत्रानं केलं."

तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं हात वर केला. "मला एक सांगा, तिचा हुकूम समुद्रावरून चालला होता, तेव्हा त्याचा वार कुठला?" झालं! यावर तासभर गेला. दोघं म्हणाले अर्ध्या वाटेपर्यंत रविवार, पुढं शनिवार. एकानं विचारलं, वाटेत पाऊस लागला तर? हसावं की रडावं, मासिनाला कळेना.

शेवटी तुआलानं निकाल दिला, काम तिथलं, जिथं यंत्र हललं. मासिना सुटली. तिचा जीव भांड्यात पडला. अवा नावाच्या मुळीच्या पेयाची करवंटी सगळ्यांत फिरायला लागली, आणि फोन वाजला.

"ताई, वीज गेली होती," लागी रडकुंडीला आली होती. "आता आली, पण सर्व्हर परत त्या मेल्या डिस्कवरच जाऊन बसलाय."

मासिनानं बोट पुढं केलं.

"थांब," तुआला म्हणाला. "पागो पागोत आज काय वार?"

सगळ्यांच्या डोक्यात एकदमच उजेड पडला.

"रविवार," मासिना म्हणाली.

"मग? काम तिथलं, हे तूच म्हणालीस. आता हात लावलास तर गायकवृंद गेला."

"तुआला, तिथं आजारी माणसं पडलीयत!"

"निकाल लागलाय, मासिना. तुझ्याच बाजूनं लागलाय."

तिचं डोकंच फिरलं. "घाला चुलीत तुमचा निकाल!" म्हणत तिनं सगळ्यांदेखत दुसरी डिस्क निवडली, खाली 'कायमचं' खूण केली आणि बटण दाबलं. लागीचा 'उठला हो!' असा ओरडा पंचायतीला ऐकू गेला. मासिनानं गाण्यांचं पुस्तक तुआलापुढं ठेवलं, घरी गेली आणि पोटभर रडली.

पुढच्या रविवारी तुआलाचा भाचा गायकवृंदापुढं उभा राहिला. मुलगा गुणी, पण हात असे हलवी की डास हाकलतोय. पहिलं कडवं सगळं विस्कटलं. मासिना बाकांमध्ये मान खाली घालून बसली होती. ऐकवेना. मांडीवरचा तिचा हात आपसूक हलायला लागला, जरासाच. समोरच्या चाळीस जणांनी भाच्यावरची नजर काढून तिच्या मांडीवर लावली, आणि गाणं सरळ झालं.

भाच्याला वाटलं आपल्यालाच जमलं. तो खुशीत आला.

मागच्या बाकावर गात असलेला तुआला पुढं वाकला. मासिनाचा हात जागच्या जागी थिजला.

"थांबू नकोस," तो तिच्या कानाशी पुटपुटला. "फक्त जरा सावकाश घे. माझा दम पुरत नाही."