सरका जरा

दिवाळी उरकली होती आणि थंडी नुकती पडू लागली होती. आम्ही नवरा-बायको आयुष्यात पहिल्यांदाच भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन निघालो आणि एका धरणाच्या काठावर मुक्कामाला थांबलो. गाडीत शेगडी होती, बेसिन होतं, दोन बाजूंना दोन बर्थ होते आणि गळ्यापर्यंत चेन लावून झोपायच्या दोन उबदार पिशव्या होत्या.

सकाळी पिशवीतून एक हात बाहेर काढून घामेजलेली काच बाहीने पुसली आणि किंचित उघडली, तर पलीकडे एक जुनी व्हॅन दिसली. तिच्या उघड्या दारात आमच्याच वयाचं एक जोडपं एका गोधडीत बसून चहा पीत होतं. गोधडी काही दोघांना पुरत नव्हती.

"सरका की जरा, माझे पाय उघडे पडलेत," ती म्हणाली. तो सरकला, तर त्याचा खांदा उघडा पडला. मग तो तिला म्हणाला, "आता तू सरक."

मला त्या बाईचा हेवा वाटला. चांगलंच पोटात दुखलं म्हणा ना! आमच्याकडे पलंग दोन झाले, टीव्ही दोन झाले आणि 'सरक' हा शब्द घरातून कधी गेला ते कळलंच नाही. कुणाला काही कमी पडत नाही, म्हणून कुणी कुणाला हटकतही नाही. यालाच मी इतकी वर्षं सुख म्हणत आले.

मी चेन पूर्ण उघडली आणि कुडकुडत ह्यांच्या बर्थपाशी गेले.

"अहो, सरका जरा."

ह्यांनी डोळेही न उघडता विचारलं, "का? तुझी पिशवी फाटली?"