लोखंडाच्या ढिगावरचं गवत

भाईंदरच्या मिठागरात खपलो मी, आणि लोखंडाच्या कारखान्यात गेला कोण? माझा धाकटा भाऊ! ज्याला फावडंसुद्धा धड धरता येत नव्हतं, तो. लढाई सुरू होती, तिकडे बिहारात माणसं हवी होती. बाबांनी मला विचारलंही नाही. नुसता जळफळाट झाला माझा.

वर्षाने तो सुट्टीवर आला, अंगावर मांसबिंस चढवून. ओटीवर बसून सांगू लागला. तिकडचा हलक्या प्रतीचा लोखंडाचा दगड म्हणजे निम्मी माती. तो फोडायचा, पाण्याने धुवायचा. माती वाहून गेली की लोखंडाचा चुरा उरतो. पण चुरा तसाच मोठ्या भट्टीत टाकला तर आतली हवा कोंडते. म्हणून त्यात कोळशाचा चुरा कालवून तो आधी भाजायचा, की त्याचे खडे बनतात. ते भट्टीला चालतात. नवीनच करून बघत होते म्हणे. बाबा तोंड उघडं टाकून ऐकत होते. माझं कधी एवढं ऐकलं होतं त्यांनी?

मग त्याने आपली फजिती सांगितली. आभाळ भरून आलेलं बघून या शहाण्याने चुऱ्याचा अख्खा ढीग गवताने शाकारला, आपण पावसाआधी मिठाचा शाकारतो तसा! सगळे कामगार हसले. "अरे, लोखंड काय विरघळतंय?"

बाबांना हसता हसता ठसका लागला. डोळे पुसत त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मी दरसाल मिठाचे ढीग शाकारत होतो, कधी भिजू दिले नाहीत. माझ्या पाठीला ती थाप ठाऊकच नव्हती.

मी तिथेच म्हणालो, "बाबा, या खेपेला मीपण जातो याच्याबरोबर."

"तू न्हाय," बाबा म्हणाले. "त्याला हितं काय जमत नव्हतं, म्हणून धाडला. तुझं काय चुकत न्हाय."

घ्या! नीट काम केल्याचं हे बक्षीस!

भाऊ परत गेला. ढग जमायला लागले तसा मी ढीग शाकारायला चढलो. ठरवलंच होतं, माथ्यावर एक फट सोडायची. भिजू दे मीठ! मग तरी म्हणतील, जा, तूपण जा. फट सोडली, खाली उतरलो, चार पावलं गेलो आणि परत वर चढलो. हात मेले ऐकेनातच. गवत दाबून नीट बसवलं.

बाबा बांधावर उभे होते. त्यांनी ढिगाकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. "चल जेवायला," म्हणाले आणि पुढे चालू लागले.