तिसऱ्या वर्षी दुरुस्ती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कॉलेजातल्या सोबत्यांना नाही. आईला तर नाहीच — तिला सांगायचं म्हणजे आधी कम्प्युटर सायन्स म्हणजे काय ते सांगावं लागेल, आणि सगळा घोळ तिथूनच तर सुरू झाला. एकदा सांगायला गेलो होतो. पण तेव्हा जे झालं त्याला सांगणं म्हणता येणार नाही. ते पुढे येईलच.

मी मूळचा साखरशेतचा. घरी भात आणि नाचणी. नाशिकला राहून कम्प्युटरची पदवी घेतली आणि परत डोंगरावर येऊन, जव्हार आणि मोखाड्याच्या मधल्या एका लहान कॉलेजात तीच पदवी शिकवायला लागलो. तासिका तत्त्वावर — म्हणजे जितके तास शिकवाल तितकंच मानधन, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते मुलं किती येतात त्यावर. मला शिकवता येतं. ही फुशारकी समजू नका. येत नसतं तर माझा अपराध जरा हलका झाला असता, एवढंच म्हणायचंय.

आमच्याकडे एक रीत पडून गेलीय. बारावीचा निकाल लागला की आम्ही मास्तर लोक जीप करून पाड्यापाड्यावर फिरतो आणि मुलं गोळा करतो. शहरात मुलं कॉलेज शोधतात, इकडे कॉलेज मुलं शोधत फिरतं. हसू नका. वर्ग भरला नाही तर विषय बंद, आणि विषय बंद तर मी बंद. त्यामुळे जून महिन्यात माझ्या जिभेवर जी साखर येते ती एरवी कधी येत नाही.

अशाच एका जूनमध्ये आम्ही पोशेऱ्याला काशिनाथभाऊंच्या पडवीत बसलो होतो. त्यांची मोठी मुलगी वनिता आश्रमशाळेतून बारावी सायन्स झाली होती, चांगल्या गुणांनी. दिवाळी झाली की काशिनाथभाऊ सगळं घर घेऊन वीटभट्टीवर जायचे, भिवंडीकडे. पोरगी शिकायला राहिली तर भट्टीवरचे दोन हात कमी होणार होते, आणि त्या बदल्यात काय मिळणार हे त्यांना समजून घ्यायचं होतं. त्यांनी अगदी सरळ विचारलं, “तीन वरसं काय शिकवतां हिला?”

काय शिकवतो आम्ही? तुम्हाला सांगतो, कारण तेव्हा त्यांना सांगितलं नाही. पहिल्या वर्षी गणित, तर्क, शून्य आणि एक एवढ्याच आकड्यांवर चालणारा हिशेब, आणि प्रोग्रॅम लिहायची एखादी भाषा. दुसऱ्या वर्षी — माहिती कशी रचून ठेवायची, म्हणजे हवी तेव्हा पटकन हाताला लागेल. तिसऱ्या वर्षी एक यंत्र दुसऱ्याशी कसं बोलतं ते, आणि शेवटी प्रोजेक्ट, म्हणजे स्वतः काहीतरी उभं करून दाखवायचं. आणि हेतू? तो अभ्यासक्रमाच्या सुरुवातीलाच छापलेला असतो, फार जड शब्दांत. मला विचाराल तर एवढाच — कुठलंही मोठं काम घ्यायचं, त्याचे इतके लहान तुकडे करायचे की अजिबात अक्कल नसलेल्या यंत्रालाही ते जमावं, आणि ते का जमतं हे दुसऱ्याला पटवून द्यायचं. यात दुरुस्ती कुठेच नाही. माझ्या लॅबमधला कम्प्युटर बंद पडला तर नाशिकहून माणूस येतो. तो येईपर्यंत मी त्यावर फडकं टाकून ठेवतो.

पण हे पडवीत बसून कसं सांगायचं? जमलं असतं, खरं तर. वेळ लागला असता. आणि जीपवाला हॉर्न वाजवत होता, पुढे अजून पाडे करायचे होते, आणि ‘पोरगी विचार करायला शिकेल’ असं म्हटलं असतं तर काशिनाथभाऊ म्हणाले असते, तो तर ती आत्ताही करते. म्हणून मी म्हणालो —

“पहिल्या वर्षी कम्प्युटर चालू करायला, दुसऱ्या वर्षी चालवायला, आणि तिसऱ्या वर्षी दुरुस्त करायला.”

किती गुळगुळीत वाक्य आहे बघा. काशिनाथभाऊंचा चेहरा उजळला. ट्रॅक्टरचंही असंच असतं म्हणाले. वनिताचा प्रवेश तिथेच पक्का झाला. मला ते वाक्य इतकं आवडलं की पुढच्या प्रत्येक पाड्यावर मी तेच वापरलं, आणि स्टाफरूममध्ये सांगितल्यावर बाकीच्यांनीही उचललं. आम्ही हसलोसुद्धा त्यावर. इथपर्यंत थापच होती हो. प्रवेशाच्या दिवसांत कोण थापा मारत नाही? खरं सांगायचंय ते हे नाही.

वनिता रोज एसटीने यायची. पावसात घाट बंद असला तरच खाडा. मागच्या बाकावर बसायची, बोलायची कमी. दुसऱ्या वर्षी मी एकदा शिकवत होतो की एखादं काम स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावतं, दर वेळी थोडं लहान होऊन — वर्ग नेहमीप्रमाणे माना डोलवत होता. वनिताने हात वर केला. “सर, पण थांबायचं कदी, ते आधीच सांगून ठेवाय लागेल नं? नायतर तां जातच राहील.” मी खडू खाली ठेवला. ज्या एका गोष्टीवर तो सगळा धडा उभा आहे ती या मुलीने आपली आपण काढली होती. मला फार आनंद झाला. त्या दिवशी घरी जाताना वाटलं की आपण डोंगरावर परत आलो ते बरं केलं. हे मुद्दाम सांगतोय. म्हणजे ती कोण होती हे मला माहीत नव्हतं, असं तुम्ही समजू नये.

तिसऱ्या वर्षी, पाऊस उघडायच्या सुमाराला वीज कडाडली आणि पोशेऱ्याच्या ग्रामपंचायतीतला कम्प्युटर गेला. दाखले अडले. कुणीतरी म्हणालं, काशिनाथची पोर तिसऱ्या वर्षाला हाय, तिला बोलवा. सगळा गाव बघायला जमला असणार. वनिताने खोका उघडला, धूळ पुसली, वायर काढून घातली. नाही झाला चालू. कसा होणार? ती म्हणाली, हे आम्हाला शिकवत नाहीत.

लोक हसले, ते सोडून देऊ. पण मग कुणाच्या तरी तोंडून तो प्रश्न निघाला, जो आमच्याकडे मुलीच्या बाबतीत निघाला की परत आत जात नाही — मग ही रोज एसटीत बसून जाते कुठं?

काही दिवसांनी काशिनाथभाऊ कॉलेजात आले, वनिताला घेऊन. मी प्राचार्यांच्या खोलीत होतो. प्राचार्य होते, शिष्यवृत्तीच्या सह्यांसाठी आलेले आणखी दोघे बाप होते. त्या दोघांच्याही पडवीत मी तेच वाक्य टाकून आलो होतो. काशिनाथभाऊ भांडायला आले नव्हते. हात जोडून उभे होते. वनिता त्यांच्या मागे, आणि — कसं सांगू — तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ती निवांत होती. सरांसमोर नेलं की आता सगळं मिटेल, असं वाटणाऱ्या माणसासारखी.

“सर, तुमीच सांगलं व्हतं नं, तिसऱ्या वरसाला दुरुस्ती? ही म्हणते शिकवतच नाय. पोर खोटा बोलते का?”

आता मला सांगा, काय अवघड होतं? ‘नाही भाऊ, ती खरं बोलतेय, मीच चुकीचं सांगितलं होतं.’ एवढंच तर होतं. कदाचित प्राचार्य नंतर दोन शब्द बोलले असते. कदाचित ते दोघे बाप आपापल्या मुलांना घेऊन गेले असते, आणि पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं नसतं. त्या खोलीत मी हे सगळं एका क्षणात मोजून पाहिलं. मोजायला तर मी शिकवतोच.

मी म्हणालो, “शिकवतो की. तिचं लक्ष नसतं.”

वनिताने माझ्याकडे पाहिलं. पण थांबा, अजून आहे. काशिनाथभाऊ जरा जवळ आले आणि अगदी हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, विचारलं — “म्हंजे वर्गात नसते का ती?”

हजेरीपट माझ्याच कपाटात होता. मला तो उघडायचीही गरज नव्हती. आणि मी — मी गप्प राहिलो. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. खिडकीबाहेर बघितलं. खोटं बोललो असतो तर निदान तिला ते खोडून काढता आलं असतं. गप्प बसण्याला ती काय उत्तर देणार होती?

ती वडिलांच्या मागून बाहेर गेली. चपला घालताना तिला पट्टा लागत नव्हता, एवढं मला दारातून दिसलं. प्राचार्य म्हणाले, बरं सांभाळून घेतलंत.

त्या दिवसानंतर ती वर्गात आली नाही. दिवाळी झाली आणि ती घरच्यांबरोबर भट्टीवर गेली. शेवटचं अर्धं वर्ष आणि प्रोजेक्ट तेवढं राहिलं होतं. मी तिच्यासाठी विषयही ठरवून ठेवला होता — काही उपयोग आहे का आता हे सांगून? मला रोज वाटायचं, आज जावं, उद्या जावं. शिकवायला उभा राहिलो की मागच्या बाकाकडे बघणं टाळायचो. मला माझी इतकी शरम वाटायची की मी मुलांवर ओरडायला लागलो.

पुढच्याच्या पुढच्या जूनमध्ये जीप पुन्हा पोशेऱ्याला गेली. मीच जीपवाल्याला तिकडे वळायला सांगितलं. ठरवून गेलो होतो, वाक्यं जुळवून गेलो होतो. काशिनाथभाऊंनी पडवीत चादर अंथरली. वनिता उंबऱ्याशी बसून नाचणी पाखडत होती. तिने “नमस्कार सर” म्हटलं, नेहमीसारखं. तिचं लग्न जमत नव्हतं, हे मला गावातच कळलं होतं. का जमत नव्हतं, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

मी म्हणालो, “भाऊ, वनिताची त्यात काही चूक नव्हती. चूक माझी होती.”

सूप थांबलं.

काशिनाथभाऊंनी माझा हात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. “सर, तुमचा मोठेपणा. पोरीनं असा केला तरी तुमी अंगावर घेतां.” आणि तिच्याकडे वळून म्हणाले, “बघ. बघ, कसा माणूस हाय.”

मला आणखी एकच वाक्य बोलायचं होतं. ती रोज वर्गात असायची — एवढंच. ते वाक्य वनितालाही माहीत होतं. सूप मांडीवर धरून ती त्याची वाट बघत होती, हे मला स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात कोरा चहा आला. मी तो घेतला. चहा घेताना माणसाला बोलावं लागत नाही.

मग काशिनाथभाऊंनी धाकटीला हाक मारली. रंजना, तीही बारावी झालेली. हिला तरी कम्प्युटरला घालतो, ही लक्ष देईल, म्हणाले. मग बोटांवर मोजायला लागले — पहिल्याला चालू करायला, दुसऱ्याला चालवायला, तिसऱ्याला दुरुस्ती. माझं वाक्य त्यांना जसंच्या तसं पाठ होतं. एक बोट उरलं. “आता हां शिक्षण चार वरसांचा झालां म्हणतात. चवथ्याला काय?”

मी म्हणालो, “नवीन बनवायला.”

कुठून आलं ते, मला माहीत नाही. विचार न करता आलं, आणि छान बसलं. काशिनाथभाऊ खूश झाले. वनिताने माझ्याकडे पाहिलं नाही. ती पुन्हा पाखडायला लागली.

रंजना आता माझ्या वर्गात आहे, पहिल्या बाकावर. तिच्या बहिणीने तिला काही सांगितलंय की नाही, मला कळत नाही. सांगितलं असतं तर ती आली असती का? परवा मी फळ्यावर शून्य आणि एक लिहीत होतो, बेरीज कशी होते ते दाखवत होतो, आणि तिने हात वर केला. “सर, पण चालू करायला कदी शिकवणार?”

वर्गात कुणीच हसलं नाही. त्या सगळ्यांना मीच तसं सांगून आणलं होतं. मी म्हटलं, “येईल पुढे.” आणि फळ्याकडे वळलो.