सापाची गादी

आमचे मामा कोणाच्याही घरी गेले की आधी बसत नसत, आधी दाबून बघत. सोफा असो, दिवाण असो की लग्नाच्या हॉलमधली नवरदेवाची खुर्ची असो. उजवा तळवा सपाट ठेवायचा, सावकाश दाबायचा, सोडायचा आणि ती जागा कशी वर येते ते मान तिरपी करून पाहायचं. मग निकाल. "बसली आहे," असं मामा म्हणाले की समजावं, त्या घरात कोणाची तरी कंबर दुखत असणार. माझ्या चुलत बहिणीच्या स्थळाकडे आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा चहा यायच्या आधीच मामांनी त्यांच्या दिवाणावरच्या गादीचा कोपरा उचलून खालची शिवण तपासली होती. लग्न जमलं, पण आई त्यावरून पुढे कितीतरी दिवस भावाशी भांडत होती.

मामांचं गाद्यांचं दुकान भंडाऱ्यात, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. पुढे लोड-तक्के रचलेले आणि मागे कापूस पिंजायचं यंत्र. भुवयांवर कायम कापसाची लव, त्यामुळे ते चाळिशीतही म्हातारे दिसत आणि सत्तरीतही तेवढेच. गिऱ्हाईक आलं की भाव नंतर, पहिला प्रश्न एकच: कोणत्या कुशीवर निजता? नव्या सुनेला त्यांनी हे विचारलं की शेजारी उभ्या सासूचा चेहरा बघण्यासारखा होई. मामांना त्यात काही वावगं वाटत नसे. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "अर्धी जिंदगी माणूस अंथरुणात काढते, अन् पारखून घेते चप्पल."

या माणसाला भीती एकाच गोष्टीची, सापाची. पवनीजवळच्या खेड्यात धानाच्या बांध्यांत वाढलेला माणूस. पावसाळ्यात शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, साप दिसणं तिथे रोजचंच. पण मामा तो शब्दही तोंडातून काढत नसत. टीव्हीवर साप दिसला तर पाय खुर्चीवर घेऊन बसत आणि बातम्या लागेपर्यंत खाली सोडत नसत.

अशा मामांच्या सख्ख्या भाचीने घरी साप आणला. ती भाची मी. नागपूरची माझी मैत्रीण परदेशी निघाली होती, तिने तिचा कॉर्न स्नेक रीतसर कागदपत्रांसह माझ्या नावावर केला. आपल्याकडचे साप कायद्याने पाळता येत नाहीत, हा परदेशी, बिनविषारी, केशरी रंगाचा. नाव मक्या. मामा बातमी ऐकून आले आणि खोलीच्या उंबरठ्याबाहेरच थांबले. लांबूनच त्यांनी काचेच्या पेटीकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. मामांनी विचारलं, "खाली काय अंथरलं आहे वं त्याच्या?"

खाली वर्तमानपत्र होतं. तात्पुरतं म्हणून घातलेलं, ते तसंच राहिलं होतं. आणि मक्याचं काही ठीक चाललं नव्हतं. दिवसभर काचेला नाक घासत फिरायचा, आडोशाला ठेवलेल्या खापराखाली क्षणभर टिकत नव्हता. कात तुकड्यातुकड्यांनी निघाली होती आणि खाणं त्याने पार सोडलं होतं. नागपूरच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी फोनवर स्पष्टच सांगितलं, त्याला अंगाखाली काहीतरी योग्य द्या. तरीही खाल्लं नाही तर जाणकार माणसाकडे सोपवा. मला मक्याचा लळा लागला होता. मामांना हे सांगताना माझे डोळे भरून आले.

मामांनी मात्र त्यातलं एकच ऐकलं. घरी आलेला पाहुणा पेपरावर निजतो आहे. त्यांच्या लेखी याहून मोठा गुन्हा नव्हता. "पाव्हण्याले असं ठेवते का कोणी?" एवढं बोलून ते तडक दुकानात गेले. तेव्हापासून मक्या त्यांच्यासाठी पाव्हणाच झाला. साप म्हणायची अडचणच मिटली.

दुसऱ्या दिवशी मामा गादी घेऊन हजर. खरीखुरी गादी, पेटीच्या मापाची, उत्तम कापूस भरलेली, चारी कडा उभ्या शिवलेल्या, मध्ये टाके घातलेले. आई हसून हसून खाली बसली. मी ती पेटीत ठेवली. मक्याने जीभ काढून गादीचा वास घेतला, तिच्यावर बोटभरही न सरकता कडेने फिरला आणि सरळ गादीखाली घुसला. मामा उंबरठ्यावरून बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकाने त्यांची गादी अशी नाकारली होती. त्यांनी चहाही घेतला नाही. संध्याकाळी एका टाक्याचा दोरा मक्याच्या खवल्यांत अडकलेला दिसला, तो मी जीव मुठीत धरून कापला आणि गादी बाहेर काढली. मामांना मी फक्त एवढंच कळवलं की दोरे अडकतात, कापूस चालायचा नाही.

पण मामा इरेला पेटले होते. कारध्याच्या एका ओळखीच्या राइस मिलमधून त्यांनी पोतंभर तूस आणलं. धानाचा जिल्हा आमचा, इथे फुकट मिळणारी आणि मऊ दिसणारी वस्तू म्हणजे तूस, हे कोणालाही सुचलं असतं. मामांनी ते अंगणात उन्हात चाळलं, दोनदा पाखडलं, आणि इतके शिंकले की शेजारच्या काकू हळदीचं दूध घेऊन आल्या. मी ते आधी बादलीत घालून त्यात मक्याला घटकाभर सोडलं. तेवढ्यात त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात दोन टोकदार फोलं रुतून बसली. ती चिमट्याने काढली, डॉक्टरांना विचारलं, तेही नाही म्हणाले. मग मामा आरा मशिनीवरून सागाचा भुसा आणायला गेले, पण तिथे मूठभर हुंगून त्यांचंच नाक वाहायला लागलं आणि ते हात हलवत परत आले. मक्याने अजून काही खाल्लं नव्हतं.

त्या रविवारी मामांनी दुकान बंद ठेवलं. हे त्यांनी सख्ख्या मेहुण्याच्या लग्नातही केलं नव्हतं. ती नाकारलेली गादी त्यांनी, दोरे पक्के करून, पुन्हा पेटीत ठेवायला लावली आणि पाव्हणा काय करतो ते बघत उंबरठ्याबाहेर खुर्ची टाकून बसले. जेवणही तिथेच. दुपार कलली तोवर खुर्ची कशी कोण जाणे उंबरठ्याच्या आत आली होती. मक्या गादीखाली गेला, नाक तेवढं बाहेर ठेवून पडून राहिला. मी गादी उचलली की तो पुन्हा काच घासायला लागे, ठेवली की पुन्हा खाली. आणि एकदम मामा खुर्चीवरून उठले. इतक्या जोरात, की आई ओट्यावरून धावत आली.

"आपण उलटं करून राहिलो ना वं," ते म्हणाले. "याले निजायले गादी नाही पाहिजे. याले पांघरूण पाहिजे. अंगाले लागून, चारी बाजूंनी."

आम्ही सगळे त्याच्या खाली काय घालायचं ते शोधत होतो, आणि त्याला हवं होतं ते आत शिरायला. पुढचे दोन दिवस घरात लगीनघाई होती. मामा काथ्याच्या गाद्याही भरत, तिथून त्यांना सुचलं. नर्सरीतून त्यांनी नारळाच्या काथ्याच्या भुशाची वीट आणली. ती टोपल्यात भिजवली तेव्हा फुगून टोपल्याबाहेर आली आणि मामा टाळ्या वाजवायचे तेवढे बाकी राहिले. गच्चीवर चादरी पसरून तो वाळवला, धूळ झटकली, त्यात दुकानातल्या काथ्याचे जाड तुकडे कातरून मिसळले. मामा दर थोड्या वेळाने मूठ वळून बघत. मुठीत गोळा राहिला पाहिजे, बोटांतून पाणी येता कामा नये, आणि अंगठा लावला की गोळा सुटला पाहिजे. तसा झाला तेव्हा त्यांनी बाबांनाही हाक मारून दाखवला. वीतभर थर पेटीत भरला आणि मी मक्याला वर सोडलं.

तो थांबला. नाक खाली घातलं. मग डोकं, मग मान, मग सगळा केशरी दोर हळूहळू आत ओढला गेला, आणि वर फक्त थोडा भुसा हलला. त्याच आठवड्यात मक्याने उंदराचं पिल्लू खाल्लं. मी मामांना फोन केला, तर त्यांनी दुकानातल्या गिऱ्हाइकांना पेढे वाटले. पाव्हणा जेवला, एवढंच सांगितलं. कोण पाव्हणा ते कोणी विचारलं नाही.

पण मामांची खरी गोष्ट त्यानंतरची आहे. काही दिवसांनी ते भुशाची पाहणी करायला आले. बोलता बोलता मी पेटीचं झाकण उघडलं, आणि मामांचा उजवा हात सवयीने आत गेला. तळवा सपाट ठेवला, दाबला. आणि तिथेच थांबला. भुसा त्यांच्या तळव्याखाली सावकाश उचलला जात होता. मामांचा चेहरा पांढराफटक पडला. मी त्यांचं मनगट धरायला पुढे झाले, त्यांनी डाव्या हाताने मला थांबवलं. उजवा त्यांनी काढला नाही. खालून मक्या सरकत गेला, त्याची सगळी लांबी त्या तळव्याखालून गेली, आणि तेवढा वेळ मामा उभे होते.

मग ते माझ्याकडे वळले. डोळ्यांत पाणी, आणि तोंडभर हसू. "सारी जिंदगी मी गाद्या दाबून पाहिल्या," ते म्हणाले. "आज गादीनं मले दाबून पाहिलं."

यंदा होळीच्या आधी मामा गेले. दुपारी दुकानात बसल्या बसल्या, तक्क्याला टेकून. आम्ही पोचलो तेव्हा रीतीप्रमाणे त्यांना खाली, जमिनीवर ठेवलं होतं. अंगाखाली एक चादर तेवढी. सगळे रडत होते. मी त्यांच्याजवळ बसले आणि माझा हात आपोआप चादरीवर गेला. सपाट ठेवला, दाबला. फरशी होती. हजारो माणसांना नीट निजवणारा माझा मामा फरशीवर होता, आणि त्याचं काही करता येत नव्हतं.

घरी आल्यावर मी आंघोळ केली आणि मक्याचा भुसा बदलायला घेतला. बदलायचा दिवस नव्हता, तरी घेतला. नवा काथ्या कातरला, मूठ वळून पाहिली, वीतभर थर भरला. मक्या आत गेला. मी तळवा ठेवला, दाबला आणि वाट पाहत बसले. बराच वेळ काही झालं नाही. मग खालून, अगदी सावकाश, भुसा वर आला आणि माझ्या हाताला लागला.