साडूभाऊ आणि बाठ्याचा अर्क

माझ्या साडूभाऊंइतका संशयी माणूस सबंध कोकणपट्टीत दुसरा नसेल. शेजाऱ्याच्या कुंपणाचा गडगा रात्रीत आपल्याकडे सरकला की काय हे बघायला लोक जिथे पहाटे उठतात, त्या मुलखात राहून मी हे म्हणतो आहे, यावरून काय ते समजा. मात्र साडूभाऊंचा संशय माणसांवर नाही, पदार्थांवर. खाण्यात घातलेल्या गोष्टी माणसाला बाधतात की नाही हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांचा जन्म गेला. लग्नाच्या पंगतीत ते जिलबी आधी खिडकीच्या उजेडात धरतात. एकदा त्यांनी "रंग कुठला घातलात?" असं शांतपणे विचारलं आणि वधूपिता पाठवणीच्या आधीच रडवेला झाला.

मी निवृत्तीनंतर मांडवीला घरच्या घरी तळलेल्या फणसाच्या गऱ्यांचा धंदा काढला. मे महिन्यातले गरे गणपतीपर्यंत असे खवट होत, की मुंबईचे चाकरमानी पाकीट उघडून तसंच परत मिटत. मग मी मोबाइलवर वाचलं, की आंब्याच्या बाठ्यात अँटिऑक्सिडंट असतं आणि त्याच्या अर्काने तेल खवट होत नाही. कॅनिंगवाल्यांकडे तर बाठ्यांचे डोंगर. मी बाठे फोडून, उकळून अर्क काढला आणि तो गऱ्यांत घालायच्या आधीच 'शंभर टक्के नैसर्गिक' असं लेबल छापून घेतलं. वर फेटा बांधलेला माझा फोटो. साडूभाऊंनी तो बराच वेळ पाहिला आणि अर्काची तपासणी झाली का, एवढंच विचारलं.

"झाडाचंच आहे की, त्यात भीती कसली?" मी म्हटलं.

"काजराही झाडच आहे. त्याच्या बिया खाऊन दाखवता?"

काजऱ्याच्या बियांनी माणूस मरतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी हट्टाला पेटलो आणि तो अर्क रोज चमचाभर घेऊ लागलो. पंधरवड्याने छाती काढून त्यांच्यापुढे उभा राहिलो. ते म्हणाले, "तुमच्यात बिघाड झाला की नाही हे कळायला आधी तुम्ही ठीक असायला हवं होतं." बायकोने मान डोलावली.

शेवटी माझ्या ससेमिऱ्याला कंटाळून त्यांनी विषय वरिष्ठांकडे नेला, आणि रीतसर तपासणी सुरू झाली. पांढरे उंदीर आले. काहींच्या खाण्यात थोडा अर्क, काहींच्या जास्त, काहींच्या मुळीच नाही. साडूभाऊंनी लग्नकार्यं सोडली. एकदा मी प्रयोगशाळेत डोकावलो, तर पिंजऱ्यापाशी वाकून ते विचारत होते, "काय रे, जेवलास का?" मला हा प्रश्न त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही विचारलेला नाही.

पुढे निकाल लागला. बेताने घेतला तर निर्धोक, अति झाला तर यकृताला त्रास. माझा चमचा कशात बसतो, हे मी अजून विचारलेलं नाही. पण निकालापेक्षा लक्षात राहिली ती त्याआधीची एक संध्याकाळ. पुन्हा फणसांचे दिवस आले होते. साडूभाऊ न कळवता आले आणि पडवीत बसले. आज उंदरांचं काम संपलं, म्हणाले. मी खुशीत विचारलं, कसे आहेत?

"धडधाकट होते. सगळेच."

"होते म्हणजे?"

"आतून बघावं लागतं, साडूभाऊ. बाहेरून दिसत नाही."

मला उशिरा उमजलं. ज्यांना अर्क दिलाच नव्हता, त्यांचं काय, असं मी विचारलं.

"त्यांनाही. नाहीतर ताडून कशाशी बघणार?"

त्यांचा चहा तसाच निवला. जाताना फाटकापाशी थांबून ते म्हणाले, "उद्या सकाळी मला लवकर जायचं कारण नाही. गरे चिरायला येऊ का?"

आले. हाताला तेल लावून दुपारपर्यंत मुकाट्याने गरे चिरत राहिले. शेजारी बसून मी आठळ्या काढत होतो. आमच्या बायका, दोघी बहिणी, मात्र आतून पुन्हा पुन्हा येऊन बघून गेल्या, आमचं भांडण झालंय की काय म्हणून.