बागेतल्या घायपाताचा दांडा

बाबांचा मला अजून राग येतो. लोक म्हणतात, म्हातारा माणूस, सोड की आता. नाय सोडवत, काय करू?

मुरबाडकडच्या एका वनस्पती बागेत आई निंदणीच्या कामाला होती. तिथे निवडुंगांच्या कोपऱ्यात एक राक्षसी घायपात आहे, पानंच माणसाच्या डोक्याच्या वर जातात. आईचा त्याच्यावर भारी जीव. बागेतल्या साहेबांनी तिला सांगितलं होतं, हा जन्मात एकदाच फुलतो आणि फुलला की वाळून जातो.

घायपात आम्हाला नवा नव्हता. डोळखांबकडे आमच्या शेताला त्याचंच कुंपण. बाबा पानांतला वाक, म्हणजे धागा, काढून दोर वळायचे. मधून फुलाचा दांडा वर आला रे आला की कोयत्याने छाटायचे, कारण फुललं की झाड संपलं आणि वाकही गेला. सगळा संसार घायपाताशेजारी करून आईने त्याचं फूल काही बघितलं नाही.

मग आईला कॅन्सर झाला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं आणि नेमका तेव्हाच बागेतल्या घायपाताला दांडा आला. तिच्या बरोबरीच्या बाईने मला फोनवर फोटो पाठवला. बघून आई खाटेवर उठूनच बसली.

"फुलला की मला न्या गो. रिक्षा करा, काय पण करा. एकदा बघितला की मी पण त्याच्यासंगती जायला मोकली."

ती हसत बोलली. बाबा नाही हसले.

दोन-चार दिवसांनी त्या बाईचा रडत फोन आला. बाबा बागेत शिरले होते आणि दांडा बुडापासून छाटून निघून गेले होते. ते घरी आल्यावर मी अंगणातच त्यांच्यावर तुटून पडले.

"बाबा, तिला एवढं एकच हवं होतं ना हो!"

"दांडा छाटला की झाड जगतं," ते म्हणाले. "ते जगलं तर ती पण..."

आईला सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं. पण घायपाताचा चीक लागून बाबांचे हात कोपरापर्यंत लालभडक सुजले होते. तिने ते बघितले. लग्न झाल्यापासून दांडे छाटून सुजलेल्या त्या हातांना दर वेळी तीच तेल लावत आली होती. तिने माझ्याकडे खोबरेल मागितलं आणि पडल्या पडल्या चोळायला लागली.

"येडा माणूस," ती म्हणाली. "एक तरी फुलू द्यायचा होता वो."

बाबा लहान मुलासारखे रडले. ती चोळतच राहिली.

त्याच महिन्यात आई गेली. परवा मी बागेत जाऊन आले. घायपात जिवंत आहे. हिरवागार.